ओळ चार हजार एकशे सतरा

वाल्गाच्या दफ्तरखान्यातून माल्ले ओयासोंचा फोन आला
तेव्हा तार्तूत दुपारी तीनलाच दिवे लागले होते.
"तुमचं यंत्र मला चूक म्हणतं," त्या म्हणाल्या,
"कुठे चुकलं विचारलं की गप्प.
माझा नवरा असाच होता."

त्यांनी पडद्याचा फोटो पाठवला.
लाल चौकटीत दोन शब्द: अवैध मूल्य.
ताकास तूर लागू न देणारे,
आणि माझेच. सहा वर्षांपूर्वी,
जेवायला उशीर होत असताना लिहिलेले.

तारीख वाचणारं ते फंक्शन नऊ वर्षं चाललं बिनबोभाट.
ऑक्टोबरात मी ते वेगवान केलं.
चाळीस ओळींच्या अकरा.
ऊर्मासनं पाठ थोपटली, केक आणला.
वगळलेल्या एकोणतीस ओळींत एक अट होती,
हेल्दुरनं घातलेली, शेजारी एक अक्षर खुलासा न लिहिता:
कालगणना जुनी असेल, तर शतकालाही हातचा धरा.
हेल्दुर आता सारेमा बेटावर मधमाश्या पाळतो.
मला ती अट अडगळ वाटली होती.

एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे.
आपल्या हिशेबात असा दिवस उगवलाच नाही.
पाद्र्याच्या हिशेबात उगवला, बर्फ पडत होतं,
आणि याकोबची लीसू जन्मली.
जांभळ्या शाईत तसं लिहिलंय,
शेजारी वजन नाही, वेळ नाही, फक्त "जिवंत".
पुढे तिचं लग्न, चार मुलं, एका गाईच्या खरेदीवर सही.
हे सगळं डेटाबेस मान्य करतो.
जन्म तेवढा नाही.

आधी चाचणी लिहिली. नाव दिलं: लीसू.
ती लाल झाली. मग हेल्दुरची अट परत आणली,
या वेळी वर तीन ओळींचा खुलासा ठेवून,
आणि लीसू हिरवी झाली.
काम वीस मिनिटांचं.
त्या दोन शब्दांनी मात्र रात्र घेतली.

"तारीख चुकीची आहे."
कुणाच्या मते?
"ओळ ४११७: तारीख चुकीची आहे."
पत्ता सांगितला, आरोप तसाच.
पहाटे जे उरलं ते असं:

ओळ ४११७, रकाना जन्म:
२९ फेब्रुवारी १९०० ही तारीख नव्या कालगणनेत नाही.
कालगणनेचा रकाना रिकामा आहे.
नोंद जुन्या पद्धतीची असेल तर तिथे "जुनी" लिहा.
तुमच्या मूळ नोंदीला हात लावलेला नाही.

ऊर्मास म्हणाला, "शेवटचं वाक्य कशाला?
यंत्राला त्याचं काय?"
मी म्हटलं, यंत्राला नसेल.
त्यानं खांदे उडवले आणि मंजुरी दिली.

गुरुवारी पार्नूहून रास्मुसचं पत्र आलं. उमेदवार,
वय एकोणीस, भाषा अत्यंत नम्र.
त्यालाही तीच लाल चौकट दिसत होती, सात आठवडे.
कुणाला विचारायचं कळेना, म्हणून त्यानं
जिथे जिथे एकोणतीस आलं
तिथे अठ्ठावीस केलं.
"मग ते गप्प झालं," त्यानं लिहिलंय.
"हे बरोबर होतं ना?"

चाचण्या सगळ्या हिरव्या आहेत.
अठ्ठावीस तारखेला कुणाचीच हरकत नसते.
माल्लेबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत,
मग म्हणाल्या, "त्या पोराला रागावू नका,"
आणि सोमवारी बस धरून पार्नूला गेल्या.

जुन्या प्रती, मूळ वह्या, जांभळी शाई:
तेरापैकी अकरा बाळं सापडली.
दोन वह्यांची पानं ओलीनं एकमेकांना चिकटलेली,
ती सोडवायला कागदाचा वैद्य वसंतात येणार आहे.
तोवर ती दोघं अठ्ठावीसलाच जन्मलेली आहेत,
कुठलीही चूक न दाखवता.

मी हेल्दुरला पत्र टाकलं, अट परत घातल्याचं.
त्यानं उत्तरात मधाची बरणी पाठवली.
झाकणावर तारीख आहे.
कुठल्या कालगणनेतली, ते लिहिलेलं नाही.